खोकला आणणारी गोळी

पट्. दुपारच्या सामसूम घरात गोळीचं पाकीट फुटलं आणि मांडीवर निजलेला पियुष दचकला. आबा, माझे सासरे, बीपीची गोळी घेत असणार. मी बाळाला थोपटत होते, तोच इथल्या हिंदी शाळेत जाणारी माझी थोरली, चेतना, धावत आली.

“मम्मी, आबा ने कढ़ीपत्ते को गोली खिला दी!”

कुंडीत खरंच गोळ्या पडल्या होत्या. काही विरघळून माती पांढरी झाली होती.

“काहून आबा?”

सिलतऱ्याच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले आबा पोरासारखे खाली बघू लागले. “थे गोळी सुरू झाली अन् खोकला लागला, पोरी. सोडली तं गेला. अनुश्रीच्या लग्नात अष्टगाथा म्हणू का खोकत बसू?”

अनुश्री त्यांची लाडकी पुतणी. आणि आमच्या गुढियारी वस्तीतल्या बुद्धविहारात लग्न म्हटलं की जयमंगल अष्टगाथा आबांनीच म्हणायची, असा रिवाजच.

“घ्या! मी हळद-दूध देऊ देऊ थकली,” सासूबाई कडाडल्या, “अन् हा बुढा झाडाचं बीपी उतरवून राहिला!”

हसत हसत मी आबांच्या दंडाला मशीनचा पट्टा बांधला. आकडा पाहिला आणि हसू तिथंच राहिलं.

संध्याकाळी डॉक्टर निधींनी रागावण्याऐवजी समजावून सांगितलं. बीपीच्या गोळ्या एका जातीच्या नसतात. कुणी रक्तवाहिन्या सैल करते, कुणी लघवीवाटे मीठ-पाणी काढते, कुणी हृदयाची घाई कमी करते. आबांची गोळी वाहिन्या आवळणारं द्रव्य शरीरात बनूच देत नव्हती. काहींना तिनं कोरडा खोकला लागतो. तिची एक चुलत बहीण आहे. ती ते द्रव्य बनू देते, पण त्याचं काही चालू देत नाही. तिच्यानं सहसा खोकला येत नाही. आता तीच लिहून दिली.

“मंग हेच काहून नाही देल्ली पहिले?”

“आपने खांसी बताई कहाँ, दादाजी? चुपचाप गोली बंद कर दी!”

सासूबाई पदराआड हसल्या.

लग्नापर्यंत आकडा उतरला होता, खोकलाही परतला नव्हता. तरी सासूबाई पाण्याची बाटली उघडूनच बसल्या होत्या. आबांनी डोळे मिटले. एकेक गाथा खड्या आवाजात, न अडखळता पुढं सरकली. शेवटच्या गाथेला सासूबाईंनी बाटलीचं झाकण लावलं. अनुश्रीनं वाकून पाया पडताना आबांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

माझ्या मांडीवरून चेतना सगळं पाहत होती. तिनं माझी हनुवटी आपल्याकडे वळवली.

“मम्मी, मेरी शादी में भी आबा ही गाएँगे ना?”