एकोणिसाव्या मजल्यावरची बेल

माझ्याकडे एक्केचाळीस डोअरबेल आहेत आणि माझ्या दारावरची बेल कुणी वाजवत नाही. हसायचं असेल तर हसून घ्या. मीही पहिले काही दिवस हसलो.

लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, त्याला छंद म्हणतात. मी जे जमवतो त्याला काय म्हणायचं ते अजून कुणी ठरवलेलं नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी पस्तीस वर्षं काउंटरला होतो. जे विकलं जायचं नाही, जे गिऱ्हाईक परत आणून आपटायचं, जे बघून बनवणाऱ्याच्या डोक्याची शंका यायची, ते सगळं मालक मला देऊन टाकायचे. मोराच्या आकाराची बेल आहे, वाजली की पोटात लाल दिवा लागतो. एक बारा धुनांची आहे. तिच्यातल्या आरतीचा सातवा सूर चुकलाय, आणि एकाच बेलमध्ये नाही, त्या कंपनीच्या सगळ्या मालात. म्हणजे हजारो घरांत वर्षानुवर्षं आरती चुकीची वाजली आणि एकानंही तक्रार केली नाही. मला हे फार आवडतं.

बेलशिवायही पुष्कळ आहे. गाडी रिव्हर्स घेताना वाजणाऱ्या धुना आहेत. टायपिंग शिकवणारी रेकॉर्ड आहे, बँडच्या तालावर एक साहेब कडक आवाजात अक्षरं म्हणतो. आणि सगळ्यात लाडकी, पोपटाला बोलायला शिकवायची कॅसेट. अर्धा तास एक बाई एकाच सुरात म्हणते, "मिठू, राम राम म्हण." सतराव्या मिनिटाला ती शिंकते. मग पोपटाला म्हणते, "माफ कर हं," आणि पुन्हा सुरू. ही बाई कोण, कुठली, तिला किती पैसे मिळाले, काही माहीत नाही. पण त्या "माफ कर हं"साठी मी ती कॅसेट शंभरदा ऐकली असेल.

माझ्यासोबत ती शंभरदा ऐकणारा जगात एकच माणूस, शामराव गावडे. गोदीत टॅलीक्लार्क होता, चढणारा-उतरणारा माल मोजायचा. नायगावच्या आमच्या चाळीत त्याची खोली माझ्यापासून सहा दारं पलीकडे. त्याला सुराचं अंग शून्य. आरतीचा चुकलेला सूर मी त्याला वीस वेळा वाजवून दाखवला, तरी "खंय चुकला?" हेच. पण ऐकायचा कसा! दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, मुलीच्या सासरची माणसं बोलणी करायला आल्यावर बसावं तसा. संपलं की "बरा आसा," म्हणायचा आणि चहा मागायचा. चाळीस वर्षं त्याला चहा पाजला. मी लग्न केलं नाही, त्याची बायको लवकर गेली, दुपार आमची दोघांचीच असायची.

आमच्या चाळीत दार रात्रीच लागायचं. दिवसा कुणाचं लागलेलं दिसलं की आजारपण, भांडण नाहीतर नवीन लग्न, यातलं काहीतरी धरून चालायचं. येणारा माणूस दोन दारं आधीपासूनच हाक मारत यायचा. शामरावची हाक तर पॅसेजच्या त्या टोकापासून, "हऱ्याऽऽ!" माझं नाव हरेश्वर आहे हे चाळ विसरली होती. अशा ठिकाणी माझ्याकडे ढीगभर बेल आणि लावायला दार नाही, म्हणून लोक चेष्टा करायचे. मी म्हणायचो, टॉवर होऊ द्या, मग बघा.

चाळ पाडून टॉवर झाला. लॉटरीत मला एकोणिसावा मजला लागला, शामरावला सातवा. दाराला वरून स्प्रिंगचा हात लावलेला, सोडलं की आपोआप मिटतं. मी मोठ्या हौसेनं चुकलेल्या आरतीची बेल लावली. पण आवाजाचं मात्र कठीण झालं. चाळीत मी मोठ्यानं काहीही वाजवायचो. इथं पहिल्याच आठवड्यात समोरच्या फ्लॅटवाल्यानं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "कृपया पोपटाला आवरा." तेव्हापासून मी हेडफोन लावून ऐकतो. कान बंद असले तरी कुणी आल्याचं कळावं, म्हणून बेलच्या वायरीला एक लाल बल्ब जोडला आणि टेबलावर ठेवला.

तो बल्ब तीन महिन्यांत चारदा लागला. दोनदा कुरियर, एकदा गॅसवाला, एकदा चुकीचा मजला.

शामराव आला नाही. पहिला महिना मी म्हटलं, सामान लावत असेल. दुसऱ्या महिन्यात मला राग यायला लागला. त्याच्या मुलीनं, प्रितीनं, त्याला भिंतीएवढा टीव्ही घेऊन दिलाय असं कानावर आलं. म्हटलं, बरोबर आहे. चाळीत विरंगुळा नव्हता तेव्हा हऱ्या, आता टीव्ही. गरज सरो, वैद्य मरो. फोन दोघांकडेही होता, पण एकाच इमारतीत राहून फोन कसला करायचा, माणूस काय दुबईला आहे? लिफ्टनं बारा मजले उतरायचे, तेवढंच. पण मी का उतरू? नेहमी तोच यायचा.

खरं सांगतो, फार एकटं वाटायचं. दुपारी हेडफोन लावून बसायचो आणि ऐकण्यापेक्षा त्या बल्बकडेच बघत राहायचो. बाई शिंकली, माफ कर म्हणाली, की माझी मान आपोआप बाजूला वळायची. बाजूला कुणी नसायचं. कधीकधी मी स्वतःच बाहेर जाऊन बेल दाबून यायचो, वायर तुटली नाही ना बघायला. वायर धड होती.

मग माझ्या चपला चोरीला गेल्या. दाराबाहेर काढलेल्या, कोल्हापुरी. माझं पित्त खवळलं. घरातली रबरी स्लीपर घातली आणि खाली सोसायटीच्या ऑफिसात गेलो. तिथं नूपुर नावाची मुलगी बसते, मॅनेजर आहे, सगळ्या म्हाताऱ्यांशी नीट बोलते.

"कधी गेल्या काका? दिवस सांगा, मी कॅमेऱ्यात बघते."

दिवस मला सांगता येईना. चारचार दिवस मी बाहेरच पडत नव्हतो. ती म्हणाली, "हरकत नाही, पंधरा दिवसांचं असतं, पळवत बघू." स्क्रीनवर आमचा एकोणिसाव्याचा पॅसेज दिसायला लागला. रिकामा. झाडूवाली आली, गेली. पुन्हा रिकामा.

"काका, हे कोण?" नूपुरनं थांबवलं.

माझ्या दारासमोर शामराव उभा होता. दुपारचे तीन चाळीस. पांढरा लेंगा, हात मागे बांधलेले. त्यानं मान वर केली आणि तोंड उघडलं. थांबला. पुन्हा उघडलं.

"आवाज वाढव," मी म्हटलं.

"काका, याला आवाज नसतोच."

मला आवाजाची गरज नव्हती. तोंड केवढं उघडलंय त्यावरूनच कळत होतं. बंद दाराआड, कानांवर हेडफोन चढवून, मी बल्बकडे बघत बसलो होतो, आणि हा बाहेर मला हाक मारत होता. बेल त्याच्या खांद्याला लागेल एवढ्या जवळ होती. पण ओळखीच्या माणसाच्या घरी बेल दाबायची, हे आमच्या चाळीत जन्मात कुणी केलं नव्हतं. बेल परक्यानं दाबायची.

दोन दिवसांनी तो परत आला होता. मग पुन्हा. तिन्ही वेळा खालच्या फटीकडे वाकून बघितलं त्यानं. आत दिवा लागलेला दिसतच असणार. चौथ्या वेळी इस्त्रीचा शर्ट होता, हातात रेक्झिनची बॅग. त्या दिवशी तो बराच वेळ थांबला. बेलकडे बघितलं, बोट जवळ नेलं, आणि मागे घेतलं. मग तळवा दारावर टेकवला आणि लिफ्टकडे गेला.

"काका, चपला अजून..." नूपुर म्हणाली. चपलांचं काय झालं ते मी बघितलंच नाही.

सातव्या मजल्यावर त्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या राधाबाई, आमच्याच चाळीतल्या, नेमक्या लिफ्टमधून बाहेर पडल्या. "गेला तो पोरीकडे, घोडपदेवला. नऊ दिवस झाले. तुला बोलला नाय?" माझ्याकडे बघून त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "जाताना बोलला, तीन महिने हऱ्याच्या दारात हाका मारतोय. आत दिवा असतो. एकदा उघडला नाय त्यानं."

पंधरा दिवसांचं मी बघितलं होतं. त्याच्या आधीचे अडीच महिने पुसले गेले होते.

तसाच टॅक्सीत बसलो. प्रितीची चाळ जुनी, लाकडी जिन्याची, पाडायची अजून नुसती चर्चा चाललेली. दुसऱ्या मजल्यावर गॅलरीतली सगळी दारं सताड उघडी. तिसऱ्या दाराच्या आत शामराव खुर्चीत बसून टीव्ही बघत होता.

मी दारापासून चार पावलांवर थांबलो, आणि मला एक गोष्ट कळली, ती चाळीस वर्षांत कळली नव्हती. मी त्याच्या दारात कधी गेलोच नव्हतो. यायचा तो, हाक मारायचा तो, ऐकायचाही तोच. मी आतून "ये" म्हणायचो. त्याला हाक कशी मारायची ते मला माहीतच नव्हतं.

प्रितीनं मला बघितलं. "अय्या, काका! बाबा, बघा कोण आलंय."

शामरावनं मान वळवली. माझ्याकडे बघितलं, पायातल्या स्लीपरकडे बघितलं, आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं.

"प्रिती, दार लाव."

"बाबा, दुपारचं?"

"लाव म्हणतंय ना."

तिनं माझ्याकडे ओशाळून बघितलं आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. दाराला बेल नव्हती.

"शामराव," मी म्हटलं. शेजारच्या दारातल्या माणसानं पेपर खाली केला. "शामराव!" पलीकडच्या खोलीतून एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्यामागून आणखी कोणकोण. भर दुपारी लागलेलं दार आणि त्याच्यासमोर बाथरूमच्या स्लीपरमधला म्हातारा, चाळीला एवढं पुष्कळ होतं. मला लाज वाटत होती. तरी मी छाती भरून घेतली.

"शाम्याऽऽ!"

खालच्या मजल्यापर्यंत गेली असेल. आतला टीव्ही बंद झाला. खुर्ची सरकली. मग त्याचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून.

"ऐकू येता माका," तो म्हणाला. "मार अजून."

मी पुन्हा हाक मारली.