तपासायची राहून गेलेली डिस्क

मित्रांनो, मी एका जुन्या संगणकातली हार्ड डिस्क. बाहेरून नुसता पत्र्याचा डबा, पण लिहिलेलं सगळं माझ्याच पोटात राहतं. सत्त्याण्णव साली राजरत्न गुरुजींनी मला सांगलीहून कुंडलला आणलं, ते खास त्यांच्या आईसाठी.

त्यांची आई तानुबाई मूळच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या. अक्षरओळख नाही, पण जात्यावर स्वतः रचलेल्या दीडशे ओव्या तोंडपाठ. दुष्काळाच्या, मुंबईला गेलेल्या धन्याच्या, छप्पन साली घेतलेल्या बौद्ध धम्मदीक्षेच्या. आधी उतरवलेली वही वाळवीनं खाल्ली होती. "यंत्राला कुठली आलीय वाळवी?" म्हणत गुरुजी ओव्या थेट माझ्यावरच लिहू लागले. कागदावर एक ओळ नाही. एवढा भरवसा! मला बाई फार सुख वाटायचं.

पण गावची लाईट म्हणजे देवाघरचा कारभार. आली की कुणी गिरणीकडं पळे, कुणी मोटार चालू करायला. लिहिता लिहिता गेली की मला दणका बसे. परत सुरू होताना निळ्या पडद्यावर माझी तपासणी आपोआप लागायची.

"आवं, थांबा की जरा. तपासू द्या तिला," गुरुजींची बायको अक्षता म्हणायची.

"लाईट हाय तवर लिवून घेतो. तपासणी काय, उद्या बी हुईल," म्हणत गुरुजी ती बंद करायचे. दोन वर्षं तो उद्या काही उजाडला नाही. मला राग यायचा, पण माझं ऐकतंय कोण?

मग तानुबाईंना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. त्याच महिन्यात ओव्यांची फाईल उघडेना. गुरुजींनी तेव्हा कुठं पूर्ण तपासणी लावली. दिवसभर मी कुरकुरत राहिले. पडद्यावरचा एकेक चौकोन म्हणजे माझ्या पोटातली थोडी जागा; चौकोनामागून चौकोन खराब निघत गेला. तपासणी खराब जागा दाखवते, तिथं पुढं लिहू देत नाही. गेलेली अक्षरं मात्र ती परत आणत नाही. तुटक्या तुकड्यांतून अकरा ओव्या हाती लागल्या.

गुरुजींनी त्या आईजवळ बसून वाचल्या. तानुबाई मान डोलवत होत्या. अकरावी संपली तरी त्या लेकाकडं बघतच राहिल्या.

"एवढ्याच हायत, आये," ते म्हणाले.

मित्रांनो, यंत्र तपासणी मागतं तेव्हा त्याला तेवढा वेळ द्या. जिवाभावाचं असेल ते दोन ठिकाणी लिहून ठेवा. त्या दिवशी तानुबाईंचे ओठ कितीतरी वेळ हलत होते. बारावी ओवी त्यांना अजून येत होती.