न उमटलेल्या चार ओळी

मित्रांनो, मघापासून तुम्ही या संग्रहालयात माझा दांडा ओढून बघताय, तर आता माझेही थोडे ऐका. मी एक जुने छपाईयंत्र आहे, हाताने चालणारे. माझा जन्म शिकागोच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेले ते मिनेसोटाच्या गवताळ मुलखातल्या याच नुरदाल गावात. इथे सगळे नॉर्वेहून आलेले. मला इथे आणले ते ओस्मुन हाउगेन यांनी, माझ्या मालकांनी.

मालक ‘निरोप्या’ नावाचे साप्ताहिक काढत. त्यांची एक अजब खोड होती. ते कागदावर कधी काही लिहीत नसत. शिशाची अक्षरे, ज्यांना छापखान्यात खिळे म्हणतात, ती पेटीतून उचलून थेट ओळीत लावत. खिळे आरशातल्यासारखे उलटे असतात. मालकांची आईवेगळी मुलगी सिग्ने शेजारी खोक्यावर उभी राहून वापरलेले खिळे परत पेटीत लावी. त्यामुळे उलटे वाचण्यात तीही तरबेज झाली.

तेव्हा माझी काय ऐट होती! कोणाकडे बारसे झाले, कोणाचा भाऊ बर्गनहून बोटीने निघाला, कोणाची गाय हरवली, सारे माझ्याच हातून गावभर जाई. लोक वर्गणी म्हणून बटाटे आणत आणि जाताना माझ्यावर कौतुकाने थाप मारत.

मग चर्चचे भांडण लागले. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवले आहे की नाही, यावरून गाव दुभंगले. एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन चर्च उभी राहिली. मालक ‘ठरवले आहे’वाल्यांचे पुढारी. आणि त्यांच्या मुलीने लग्न ठरवले ते नेमके समोरच्या चर्चमधल्या शाळामास्तराशी.

“बाबा, तेही आपलीच प्रार्थना म्हणतात हो,” सिग्ने म्हणाली.

“मग तिकडेच जाऊन म्हण! इथं तुझं पान वाढलेलं नसेल.”

एवढ्यावर थांबले असते तर घरातले घरात राहिले असते. पण पांढऱ्यावर काळे केल्याशिवाय संपादकाला चैन कुठली? त्या आठवड्याच्या पहिल्याच पानावर आले, ‘समोरच्या दारात पाऊल टाकणारी मुलगी आम्हांला मुलगी नव्हे.’ मीच ते छापले. यंत्राला नाही म्हणता येत नाही. सिग्नेने ओल्या शाईचे पान उभ्या उभ्या वाचले, कपड्यांची पेटी उचलली आणि दुलुथ शहराच्या आगगाडीत बसली. ती परत आली नाही.

वर्षे गेली. गावातली पोरे इंग्रजी शिकली आणि ‘निरोप्या’ म्हाताऱ्यांपुरता उरला. मालकही थकले. एका डिसेंबरात मात्र ते कोणाला न बोलावता पेटीपाशी उभे राहिले आणि त्यांनी चार ओळी जुळवल्या.

‘सिग्ने, तुझ्याविषयी छापलेले मी मागे घेतो.
देवाने काय ठरवले आहे ते मला कळत नाही.
तुझी खुर्ची मी कोणाला दिलेली नाही.
नाताळला ये.’

चारचौघांत बोललेले चारचौघांतच मागे घ्यायचे, असा त्यांचा हट्ट. ओळी माझ्या छातीवर ठेवल्या, त्या हलू नयेत म्हणून भोवतीची चौकट आवळायला हात पुढे केला आणि ते कोसळले. त्यांची वाचा गेली. मागच्या खोलीतल्या पलंगावरून ते माझ्याकडे बोट दाखवत राहिले.

शेजारच्या गुरीकाकू उशाशी बसल्या होत्या. “कॉफी हवी होय? देते हं.” मालकांनी नकाराची मान हलवली. “बरं बाई, दूध घालून देते.”

दुसऱ्या दिवशी मालक गेले. सिग्नेला तार गेली. मला वाटले, ती येईल आणि आपसूक वाचेल. मी श्वास रोखून वाट पाहू लागले.

पण आमच्या गावात मयताचे घर आरशासारखे लखलखले पाहिजे. गुरीकाकू बादली आणि धुण्याचा सोडा घेऊन आल्या. “पोर इतक्या वर्षांनी येतेय, तिला घाण दिसायला नको,” म्हणत त्यांनी जमीन घासली, खिडक्या घासल्या आणि शेवटी माझ्याकडे वळल्या. मित्रांनो, मला ओरडायचे होते. ओरडणार कशाने?

“अगंबाई, किती कळकट!” म्हणत काकूंनी सैल चौकट उचलली आणि चारही ओळी बादलीत लोटल्या.

सिग्ने आली तेव्हा केसांत रुपेरी बट होती. तिने एकच विचारले, “काकू, बाबांनी माझ्यासाठी काही ठेवलंय?”

“चिठीचपाटी काही नाही गं. पण हे बघ, यंत्रावर पडलेले खिळे कसे चकचकीत केलेत!”

सिग्नेने बादलीत हात घातला. “हे... ओळीत होते का?”

“ओळीत होते की. पण मला मेलीला उलटं कुठं वाचता...” बोलता बोलता काकू थांबल्या आणि त्यांनी पदर नव्हता म्हणून एप्रनच तोंडाला लावला.

लहानपणीचे खोके ओढून सिग्ने माझ्यापाशी बसली. दिवे लागेपर्यंत खिळे जुळवत होती, मोडत होती, पुन्हा जुळवत होती. त्या खिळ्यांतून वाटेल ते जुळत होते, शापही आणि क्षमाही. मला चारही ओळी पाठ होत्या आणि मी तिच्यासमोर नुसते उभे होते.

मित्रांनो, मी लोखंडाचे, तुम्हांला तोंड आहे. घरातल्या माणसाला सांगायचे ते छापून येण्याची वाट बघू नका. ओढा आता दांडा खुशाल. छातीवर खिळेच नाहीत, कागद मात्र कोराच निघेल.