वामनच्या गच्चीवरची दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. कळू लागले तेव्हा मी नागपूरच्या जुन्या बाजारात गंजक्या कुलपांशेजारी पडले होते. तिथून वामनने मला पांढुर्ण्याला आणले.

वामन नगरपालिकेत नोकरीला होता आणि त्याला रेल्वेचे भारी वेड. घर लाइनीला लागूनच. सकाळी चहाचा कप घेऊन तो गच्चीवर चढे, मला डोळ्यांना लावी आणि सिग्नल निरखत बसे. सिग्नल बदलला की कुठली गाडी येणार ते आधीच सांगे. शेजारची पोरे माझ्यातून बघायला भांडत. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा!

त्याची बहीण इंदू लाइन ओलांडून कापूस वेचायला जाई. पूल फार लांब पडे. तिला जवळजवळ ऐकू येत नसे, म्हणून दोघांनी एक रीत पाडली होती. रुळांशी पोचली की ती वळून गच्चीकडे बघे. सिग्नल लाल नसला, म्हणजे गाडी येणार असली, तर वामन गमछा हलवी आणि ती थांबे. गमछा दिसला नाही की ती निर्धास्त पलीकडे जाई.

पुढे घरात नवा मोबाइल आला. गाड्या कुठवर आल्या ते त्यात खाटेवर बसूनच दिसू लागले. मी खिळ्याला लटकले. काचांवर धूळ साचली. मला फार वाईट वाटे, पण माझे कोण ऐकणार?

एका सकाळी इंदूने निघताना विचारले, "दादा, गाडी हाय का?"

वामनने मोबाइल तिच्यासमोर धरला आणि मोठ्याने म्हणाला, "कोनतीच नाही येऊन राहिली. जाय तू."

त्या मोबाइलमध्ये प्रवासी गाड्या दिसत, मालगाड्या दिसत नसत. बाहेर सिग्नल हिरवा झाला होता. रुळांशी पोचल्यावर इंदूने सवयीने वळून पाहिले असणार. गच्चीवर कोणी नव्हते.

मग लांबच लांब हॉर्न वाजला. वामन अनवाणी धावला. परतला तेव्हा त्याच्या हातात तिची कापसाची झोळी होती.

आता तो मला रोज पुसतो आणि गच्चीवर नेतो. सिग्नल बदलला की रिकाम्या वाटेकडे बघत गमछा हलवतो. गाडी निघून गेली तरी हलवतच राहतो. त्याची बायको मालती वर येऊन त्याचा हात खाली करते.

मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल. रूळ मात्र पुलावरूनच ओलांडा. आणि तुमच्या भरवशावर कोणी वळून बघत असेल, तर तिच्यासाठी तेवढा जिना चढा.