पाटीवरची देवी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिने पाटी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली आहे, आणि तिच्या शेजारी बसलेला गजा आपल्या पाटीवर थुंकतो आहे.

गजाने बंडीच्या बाहीने पाटी खसाखसा पुसली आणि वर पाहिले.

"अगं गोदे, पूस की! का मास्तरांनी येऊन पुसायची?"

"देवीवर थुकतोस?" गोदा म्हणाली.

"कालची दसऱ्याची सरस्वती ती. आज तिचं काय काम?"

"तुला रं काय ठावं तिचं काम?"

मुले हसली. आदल्या दिवशी सगळ्यांनी एकाच्या आकड्यांची रांग मांडून पाटीवर सरस्वती काढली होती, तिला झेंडूचे फूल वाहिले होते, गूळखोबरे खाल्ले होते. गोदा डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली, यंदाच बिगरीत आलेली. तिचा हा पहिलाच दसरा आणि ही पहिलीच पाटी. मास्तरांनी सांगितले होते, ही देवी आहे, हिला पाय लावायचा नाही. ते तिने ऐकले होते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर थुंकायचे, हे मात्र तिला कुणी सांगितले नव्हते.

सहदेव मास्तर आत आले. धोतराचा सोगा सावरत ते गोदापुढे बसले.

"काय झालं गं?"

"मी नाय पुसायची, गुरजी."

"मग लिहिणार कशावर?"

गजाला राहवले नाही. "मास्तर, उलट्या बाजूला लिहील की!"

गोदाने वळून त्याच्याकडे पाहिले. "देवीच्या पाठीवर?"

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला.

"तुमच्या वाडीत देवी कशी काढतात?" त्यांनी विचारले.

"लग्नाला. भितीवर, तांदळाच्या पिठानं. चौक म्हनतात. मधी देवी, न् भवताली चांद, सूर्य, फणी, झाडं. लगीन लागलं का देवीचं काम झालं, मंग ती जाते. काम होईस्तोवर तिला कोनी उठवीत नाय."

"आणि हिचं काम काय?"

गोदाने खांदे उडवले. ते तिलाही माहीत नव्हते.

मास्तर उठले. कोनाड्यात जुनी धूळपाटी पडली होती, सरकारी पाट्या येण्याआधीची. ती झटकून त्यांनी तिच्यावर बारीक माती पसरली आणि गोदाच्या मांडीवर ठेवली. दगडी पाटी खुंटीला टांगली गेली.

त्या शाळेचा दिवस मोठा भरगच्च असे. सकाळी बाराखडी, वाचन आणि मोडीचे वळण. दुपारी मास्तर पोरांना अंगणात काढत. तिथे कधी हुतुतू, कधी नदीकाठच्या मातीचे बैल, तर कधी वालाच्या वाफ्यांना पाणी. गावकरी विचारत, "मास्तर, वाल पेरायला आमी घरी शिकवतो, तुमी कशाला?" मास्तर म्हणत, "घरी पोटासाठी पेरता. इथं उगवताना बघायला पेरतो." दिवेलागणीला देवळाच्या पायऱ्यांवर पाढ्यांचा परवचा होई, आणि पावकी-निमकीच्या सुरात गोदाचा आवाज सर्वांत वर चढे. बोटाने मातीत लिहिता लिहिता तिचे अक्षर गजापेक्षा वळणदार झाले. गजा म्हणे, "मातीत काय, कोंबडीसुद्धा लिहिते."

दिवाळी झाली तसा तिचा बाप चांगो शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. तो माथेरानला साहेबलोकांच्या डोल्या वाहायचा. थंडीत सगळे बिऱ्हाड घेऊन गवत कापायला जायचा.

"मास्तर, आमी गवतावर चाललो. धाकट्याला सांभाळाया कोनी नाय. पोरीला नेतो."

"डिपुटीसाहेब शाळा तपासायला, परीक्षेला येताहेत. तेवढं थांब."

चांगोने आत पाहिले. गोदा धूळपाटीवरून मान वर न करता लिहीत होती, पण तिचे बोट थांबले होते.

"सायबानं वरच्या वर्गात घातली, तर ऱ्हाऊ द्या चिंधीआत्याकडं," तो म्हणाला. "नाय घातली, तर मंग मला काय सांगू नगा."

डिपुटी आले ते घोड्यावरून, पगडी नीट करत. जाडजूड, थकलेले, आवाजाने मऊ गृहस्थ होते. कविता झाल्या, पाढे झाले, अंगणातले वालाचे कोंब पाहून झाले. मग ते टेबलाशी बसले.

"आता शुद्धलेखन. लिहून झालं की पाट्या इथं आणून मांडा." त्यांची नजर गोदावर थांबली. "हिची पाटी?"

मास्तरांनी सारे सांगितले. डिपुटी हसले नाहीत.

"धुळीवरचं लेखन टेबलापर्यंत येईतो सांडेल, मास्तर. मी तपासू काय? पाटी तर हवीच."

मास्तरांनी खुंटीवरची पाटी काढली. कोपऱ्यातले पाण्यात भिजवलेले फडकेही उचलले, आणि दोन्ही गोदापुढे ठेवले. दारात चांगो उकिडवा बसला होता.

"घरापुढे झाड आहे," डिपुटींनी सांगायला सुरुवात केली. "झाडावर पाखरू बसले आहे."

सगळ्यांच्या पेन्सिली करकरू लागल्या. गोदाचे हात मांडीवरच होते. तिने देवीकडे पाहिले, फडक्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले. गजाने आपल्या पेन्सिलीचा तुकडा मोडून अर्धा तिच्याकडे सरकवला.

"लिही गं," तो कुजबुजला. "कुटंबी लिही."

तिने तुकडा उचलला. पाटीच्या अगदी कडेला, चौकटीला लागून, बारीक अक्षरात ती लिहू लागली. वरची कड भरली तशी तिने पाटी फिरवली. मग आणखी एकदा फिरवली. भिंतीवर चांद-सूर्य मांडतात तशी अक्षरे देवीच्या भवताली बसत गेली, आणि देवीला कुठे धक्का लागला नाही.

डिपुटींना ते वाचायला पाटी गरागरा फिरवावी लागली. ती फिरवता फिरवता त्यांची पगडी कानावर आली. वाचून झाल्यावर त्यांनी पगडी सरळ केली.

"हिलाही पहिलीत घाला," ते म्हणाले. मग पाटी परत देताना त्यांनी विचारले, "पण मुली, आता जागा उरली नाही. उद्याचा धडा कुठं लिहिशील?"

दारातला चांगो उठला, मुंडासे झटकले आणि एकटाच वाडीच्या वाटेला लागला.

गोदा तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग ती अंगणात गेली. तिने तांब्या भरला, वालाच्या वाफ्यावर पाटी तिरपी धरली आणि वरून हळूहळू पाणी सोडले. पांढुरके पाणी कोंबांच्या मुळाशी मुरून गेले. पदराने पाटी कोरडी करून ती आत आली आणि पहिलीच्या रांगेत गजाशेजारी जाऊन बसली.