चरबी आधी घरी पोचली

वत्सलाबाई दातीर शिबिरातून परतल्या तेव्हा त्यांची चरबी त्यांच्या आधीच घरी पोचली होती. नुसती पोचली नव्हती, तर त्यांचीच जांभळी साडी नेसून, पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून, डिंकाचे लाडू वळत बसली होती.

घडलं होतं ते अगदी साधं. लेक हेमांगी पहिल्या बाळंतपणासाठी त्याच दिवशी माहेरी यायची होती. तिचं सगळं करायचं तर आपलं अंग धड हवं, म्हणून बाई सोसायटीच्या हॉलमधल्या तपासणी शिबिरात गेल्या. तिथल्या मुलीनं त्यांना अनवाणी एका यंत्रावर उभं केलं आणि हातात दोन दांड्या दिल्या.

"काकू, नुसत्या वजनावरून काही कळत नाही. त्यात हाडं किती, स्नायू किती, पाणी किती, चरबी किती, ते वेगळं करून बघावं लागतं."

"मग करा की वेगळं," बाई म्हणाल्या.

मुलीनं केलं.

"आणि पुन्हा एकत्र कधी करता?"

"ते आमच्याकडे होत नाही, काकू. सरका जरा, मागचे खोळंबलेत."

येताना बाईंचे पाय रस्त्याला जेमतेम लागत होते. जिन्यात कठडा धरला नसता, तर स्वारी दुसऱ्या मजल्यावर न थांबता थेट गच्चीवर गेली असती.

"कोण पाहिजे?" दारात नवऱ्यानं विचारलं. मग चष्मा पुसला. "अरेच्चा, तू होय! मग आत कोण बसलंय?"

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"चहा नेहमीसारखा झाला होता. मग कशाला विचारायचं?"

बाई जाळीच्या दाराला धरून आत डोकावल्या. खोबऱ्याचा कीस उडू नये म्हणून पंखा बंद होता. चरबीच्या कपाळावर घाम होता. बाईंच्या कपाळावर काहीच नव्हतं.

"ऊठ," बाई म्हणाल्या. "माझी लेक येतेय. लाडू मी वळणार."

"वळ की." आवाज बाईंचाच, जरा मऊ. "खसखस भाजून घालायची का कच्ची?"

बाईंना आठवेना. काल तर येत होतं! त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं चरबीकडे पाहिलं.

"भाजून," चरबी म्हणाली आणि तिनं आपला दंड थोपटला. "हे हेमांगीच्या वेळचं. हे पोटावरचं, ती पानात टाकायची त्याचं. तिचं उष्टं कोण संपवायचं?"

बाईंनी स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. तिथे नुसता दंड होता.

"बरं, निदान भाकरतुकडा तरी मी ओवाळणार. आई मी आहे."

"ओवाळ ना. मी बसलेय."

खाली रिक्षा थांबली. नवरा बॅग आणायला उतरला. जिन्यात पावलं वाजली, मध्ये धाप लागून थांबली, परत वाजली. बाईंनी उंबऱ्याच्या आत येऊन, दाराशी तयार ठेवलेला भाकरीचा तुकडा एका हातात घेतला. पाण्याच्या तांब्याला दुसरा हात लागणार होता आणि त्या हातानं जाळी धरलेली होती.

"आई!" दारात हेमांगी उभी राहिली. पोट पुढे, चेहरा उन्हानं लाल.

बाईंनी जाळी सोडली.

तांब्या दोन बोटं उचलला गेला आणि निसटला. भाकरीचा तुकडा पडला. बाई सरळ छताला लागल्या.

"काय पडलं, बाबा?"

बाबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "भाकर," ते म्हणाले. "ही बॅग कुठे ठेवू?"

चरबी गुडघ्यावर हात टेकत उठली. तिनं तुकडा उचलला, तांब्यात उरलेलं पाणी घेतलं, दोन्ही लेकीवरून ओवाळलं आणि बाहेर टाकलं. हेमांगीनं तिच्या खांद्यात डोकं खुपसलं ते बराच वेळ काढलंच नाही.

"हेमा, मी इथे आहे गं," बाई छतावरून म्हणाल्या.

"वरच्या मजल्यावर कोणी नवीन आलंय का?" हेमांगीनं विचारलं. एक लाडू तोंडात टाकला. डोळे मिटले. "अगदी तोच गं, आई." मग पदरानं मान पुसत ती खाली बसली. "किती उकडतंय! पंखा लाव ना."

"लावते, बाळा," म्हणत चरबीनं किसावर ताट पालथं घातलं आणि तुपकट हात बटणाकडे नेला.

वत्सलाबाईंनी पंख्याचं पातं घट्ट धरलं. धरायला वर दुसरं काहीच नव्हतं.