खालच्या टाकीतली रिकामी जागा

मांजर्लीच्या फ्लॅटमध्ये अवधूतने चार फुटी फिशटँक आणला, तेव्हा त्याच्या बायकोने एकच अट घातली होती. लादीवर पाणी दिसलं, की त्याच दिवशी मासे उल्हासनगरच्या दुकानात परत. मालिनी अटी कमी घालते, पण घातल्या की विसरत नाही.

फिशटँकखालच्या कपाटात दुसरी टाकी होती. वरचं पाणी काठावरून सांडून पाईपने खाली यायचं, स्पंजातून गाळलं जायचं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर ढकलायचा. हा शेवटचा कप्पा अवधूत अर्धाच भरायचा. का, ते घरात कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

अवधूतच्या वडिलांचं, आण्णांचं, आयुष्य कुळगावात पाणी भरण्यात गेलं. हंडे, कळश्या, पातेली संपली की ते चहाचे कप भरायचे. अर्धी टाकी रिकामी राहते, हे त्यांना बघवेना. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी म्हणून अवधूत निवांत आंघोळीला गेला, तेवढ्यात आण्णांनी पिंपातलं शिळं पाणी ओतून तो कप्पा काठोकाठ भरला. माशांना नळाचं ताजं पाणी चालत नाही, एवढं त्यांना माहीत होतं.

दहाला लाईट गेली. शुक्रवारी जातेच. पंप थांबला. आता पाणीही थांबेल, असा आण्णांचा समज. पण वर नेणाऱ्या पाईपचं तोंड फिशटँकमध्ये चार बोटं बुडलेलं होतं. पंपाचा जोर गेल्यावर त्याच पाईपने पाणी उलटं खाली उतरलं. खाली जागा नव्हती.

खालच्या मजल्यावरून मिलिंदचा फोन आला. "अवधूत, आमच्या पंख्याच्या हुकातून पाणी येतंय. मासे कधीपर्यंत पोचतील?"

मालिनी लादी पुसत म्हणाली, "दुकानात फोन लाव."

"मी भरली टाकी," आण्णा म्हणाले. "रिकामी होती."

"रिकामी नव्हती, आण्णा. लाईट गेल्यावर वरचं पाणी मावायला जागा ठेवली होती मी."

"हे त्यांना सांगितलं होतंस?" मालिनीने विचारलं.

"त्यांनी कधी विचारलं नाही."

"म्हणजे नाही सांगितलं. लाईट आली की पाणी मावतं ते दाखव. नाही जमलं तर संध्याकाळी मासे गेले."

दुपारी लाईट आली. अवधूतने खालून दोन बादल्या उपसल्या आणि पाईपचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडेल इतकं वर घेतलं. पंप चालू असताना खालचं पाणी जिथे स्थिरावलं, तिथे मालिनीने नेलपॉलिशने रेघ मारली आणि स्वतः पंपाचा प्लग उपटला. चौघं कपाटासमोर उकिडवे बसले. चौथा मिलिंद, हातात छत्री. खालचं पाणी रेघ ओलांडून चढत गेलं. वर पाईपने हवा ओढून गुरगुर केली. काठाला दोन बोटं राहिली असताना पाणी थांबलं.

मालिनीने मिनिटभर वाट पाहिली. "राहू देत मासे. पण रेघेच्या वर कुणी थेंब घालायचा नाही."

आण्णा त्या दोन बोटांकडे बघत होते. "एक कळशी बसते अजून."

"आण्णा."

"नाही, नुसतं सांगितलं."